लिंबाखाली उभा राहिलेला 1035: पाना लावण्याआधीची तपासणी आणि नंतरचं काम

प्रकरण बार्शी तालुक्यातलं. मॅसी फर्ग्युसन 1035 ट्रॅक्टर, खरेदी 1989 ची. ज्यांनी घेतला ते वारले. घरात दोन मुलं, थोरला शेती बघतो, धाकटा पुण्यात नोकरीला. वडील आजारी पडले तेव्हापासून ट्रॅक्टर वस्तीवर लिंबाखाली उभा होता आणि नऊ पावसाळे त्याच्यावरून गेले होते. भंगारवाला वजनाच्या भावाने मागून गेला होता. थोरल्याने मला विचारलं ते एवढंच, "मिस्त्री, हा चालू होईल का?"

चालू होणं ही या कामातली सगळ्यात सोपी गोष्ट. डिझेल इंजिनाला दाब, वेळेवर फवारलेलं डिझेल आणि हवा मिळाली की ते पेटतं. खरा प्रश्न असतो तो चालू झाल्यावर हा पेरणीला उभा राहील का, त्यासाठी किती घालावे लागतील आणि तो कागदावर कुणाचा आहे. माझं मत स्पष्ट आहे: जुना ट्रॅक्टर ठेवायचा की द्यायचा हे इंजिनावर ठरत नाही. ते मागच्या हौसिंगमधल्या, म्हणजे गिअर आणि लिफ्ट असलेल्या लोखंडी पेटीतल्या तेलावर आणि आरसी बुकावर ठरतं. इंजिनाचं किट दुकानात मिळतं. क्राउन-पिनियन (मागच्या चाकांना ताकद देणारी मोठी गिअरजोडी) गंजलेलं असेल किंवा कागद अडकलेले असतील तर कितीही छान बांधलेलं इंजिन वाया जातं.

थोरल्याची गरज काय होती तेही आधी विचारून घेतलं. जमीन काळी, मुख्य पीक रब्बी ज्वारी. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाफसा आला की पेरणी उरकावी लागते, आणि नेमक्या त्या दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही, कारण सगळ्या शिवाराला त्याच वेळी वाफसा येतो. ओल उडाली की बी उगवत नाही. त्याला ट्रॅक्टर हवा होता तो पेरणी, मोगडा, पाळी आणि ट्रॉलीसाठी. खोल नांगरट पलटी नांगराने करायची तर त्याला मोठा ट्रॅक्टर भाड्यानेच आणावा लागणार, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. 35 अश्वशक्तीच्या गटातल्या यंत्राकडून काळ्या रानात ती अपेक्षा धरू नये.

आधी कागद

आरसी बुक वडिलांच्या नावावर, आणि त्यावर बँकेचा बोजा तसाच. कर्ज फिटून जमाना झाला होता, पण बोजा उतरवून घ्यायला कुणी गेलंच नव्हतं. हे आपल्याकडे फार होतं. हप्ता संपला की माणूस निर्धास्त होतो; बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना 35 आरटीओत देऊन आरसीवरचं नाव काढायचं राहून जातं. सातबाऱ्यावर बोजा चढवला असेल तर तोही तलाठ्याकडून कमी करून घ्यावा लागतो, ते काम वेगळं.

दुसरी अडचण नोंदणीच्या मुदतीची. शेतीचा ट्रॅक्टर मोटार वाहन नियमांत बिगर-परिवहन वाहन आहे. त्याची पहिली नोंदणी 15 वर्षांची, त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण. नमुना 25 भरून अर्ज करायचा आणि गाडी निरीक्षकाला दाखवायची. इथे नूतनीकरण एकदाच झालं होतं. त्यात मालक वारलेले, म्हणजे आधी वारसाच्या नावावर करणं आलं, त्याचा नमुना 31. दोन्ही भावांनी आपसांत ठरवून थोरल्याच्या नावाला संमती दिली म्हणून गाडं सरकलं. भावकीत वाद असता तर मी हात लावला नसता.

तिसरी गोष्ट चेसिस नंबर. गंज आणि रंगाचे थर काढले, त्या जागेवर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली आणि छाप घेतला. तो आरसीतल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला. इंजिनाचा नंबरही जुळला. जुन्या बाजारातून ट्रॅक्टर घेणाऱ्याने तर हे पैसे देण्याआधीच करावं. इंजिन कधीतरी बदललेलं असतं आणि कागदावर त्याची नोंद नसते.

जुना ड्रायव्हर

कागदानंतर मी पाना काढला नाही, माणूस शोधला. वडिलांच्या काळात हा ट्रॅक्टर चालवणारे एक काका अजून गावात आहेत. त्यांनी चहा पिता पिता जे सांगितलं ते कुठल्याही मीटरवर दिसलं नसतं. लिफ्ट (मागचं अवजार उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा) नाचायची: अवजार उचलून धरलं की थोडं खाली यायचं, परत वर जायचं, सारखं. डाव्या बाजूचा ब्रेक लागायचा नाही. शेवटच्या हंगामात इंजिन लवकर तापायचं, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालायचे. तेल मात्र खात नव्हता, धूरही काळा-निळा नव्हता.

या चार वाक्यांत निम्मी तपासणी झाली. लिफ्ट नाचते म्हणजे उचलण्याच्या सिलिंडरमध्ये किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेत कुठेतरी तेल गळतंय. अवजार खाली आलं की कंट्रोल व्हॉल्व्ह पुन्हा तेल सोडतो, ते वर जातं, परत गळतं. डावा ब्रेक लागत नाही म्हणजे बहुधा धुऱ्याच्या सीलमधून तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलेलं. बोअरचं पाणी म्हणजे जॅकेटमध्ये, सिलिंडरभोवती पाणी खेळायच्या पोकळीत, क्षार. आणि तेल खात नव्हता म्हणजे उभा राहिला त्या दिवशी इंजिन बरं होतं. आता जे काही बिघडलं असेल ते उभं राहिल्याने बिघडलंय.

न फिरवता तपासणी

मालकाच्या चुलत्यांचं म्हणणं होतं, "कशाला उघडताय? टोचन लावा, दुसऱ्या गिअरला क्लच सोडा, धक्क्याने मोकळं होतंय." असे मोकळे झालेले ट्रॅक्टर मीही पाहिलेत, आणि त्यानंतर तुटलेल्या रिंगा आणि वाकलेले कनेक्टिंग रॉडही पाहिलेत. मी त्यांना हात जोडून थांबवलं. कारण वर बघितलं तर सायलेन्सरच्या उभ्या नळीवर डबडं नव्हतं. पूर्वी प्रत्येक ट्रॅक्टरच्या नळीवर उपडं डबडं असायचं ते उगाच नव्हे. नळीत पडलेला पाऊस थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये जातो आणि इंजिन ज्या ठिकाणी थांबलेलं असतं तिथे ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असेल त्यात उतरतो. तो सिलिंडर गंजणार, त्याच्या पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) धरणार, व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकणार. अशा इंजिनाला बाहेरून ओढून फिरवलं तर सेल्फच्या मोटारीच्या ताकदीच्या कितीतरी पट जोर त्या एका पिस्टनवर येतो. अडकलेला व्हॉल्व्ह उघडाच राहिला आणि पिस्टन वर आला तर व्हॉल्व्हच वाकतो.

म्हणून प्रत्येक हौदाचं तेल आधी बघायचं, आणि तेही पूर्ण न सोडता. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं. ट्रॅक्टर बरेच दिवस हललेला नसेल तर दोन्ही वेगळे झालेले असतात. तळाचा प्लग पाव आटा ढिला करायचा, काढायचा नाही.

इंजिनाच्या संपचा (खालच्या तेलाच्या हौदाचा) प्लग ढिला केला तर आधी पेलाभर पाणी आलं आणि मग काळं तेल. म्हणजे अंदाज बरोबर होता. तेलाला डिझेलचा वास नव्हता. डिझेलच्या फीड पंपाचा पडदा फाटला की डिझेल संपमध्ये उतरतं आणि तेल पातळ होऊन बेरिंग जातात, ती भीती गेली.

मग मागचं हौसिंग. या ट्रॅक्टरची रचना फर्ग्युसनची आहे, म्हणजे गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक एकाच तेलावर चालतात. हॅरी फर्ग्युसन यांनी 1920 च्या दशकात तीन टेकूंची जोडणी आणि ओढीप्रमाणे अवजार आपोआप वर-खाली करणारं हायड्रॉलिक मांडलं. मद्रासमध्ये 1960 च्या सुमारास मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टाफे ही ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली आणि तीच परंपरा 1035 मध्ये आली. हलकी, सुटसुटीत रचना. पण एकाच हौदाचा तोटा असा की त्यात पाणी शिरलं तर तिन्ही गोष्टी एकदम धोक्यात. आणि पाणी शिरायला जागा कुठली, तर गिअरच्या दांड्याखालचं रबर. उन्हाने ते तडकतं आणि प्रत्येक पावसात दांड्यावरून ओघळलेलं पाणी सरळ आत जातं. इथे ते रबर उरलंच नव्हतं, फक्त तारेची रिंग होती.

प्लग ढिला केला. पहिला थेंब यायला वेळ लागला. मग गंजाळलेल्या पाण्याची बारीक धार लागली ती थांबेना. खाली धरलेली डिझेलची बादली तळापासून बोटभर वर भरली, तेव्हा धारेचा रंग बदलला, ती जाड झाली आणि तेल आलं. ते तेल काळं होतं पण स्वच्छ. मालकाला ते बघून धसका बसला. मला उलट बरं वाटलं. पाणी शिरल्यानंतर ट्रॅक्टर चालवला असता तर तेल दुधाच्या चहाच्या रंगाचं झालं असतं आणि ते घाण प्रत्येक बेरिंगमध्ये फिरलं असतं. इथे पाणी तळाशी निपचित पडून होतं. पाण्याच्या रेषेखाली जे जे बुडालं होतं तेवढंच गंजलेलं असणार.

हौसिंगच्या बाजूचं कव्हर काढून बॅटरी मारली. भिंतीवर गंजाची सरळ रेघ दिसत होती. रेघेच्या वर गिअर तेलकट आणि चकचकीत. क्राउनचा वरचा भाग चांगला, दात भरलेले. रेघेच्या खाली हायड्रॉलिक पंपाचा बराचसा भाग. म्हणजे पंप बाहेर काढावा लागणार, पण क्राउन-पिनियन वाचलंय. ट्रॅक्टर ठेवायचा हा निर्णय त्या कव्हरपाशी झाला. इंजिन तोवर फिरलंही नव्हतं.

बाकीची तपासणी भराभर झाली. मागचे टायर 12.4-28, वरून गोटे (रबराचे उंचवटे) दिसायला बरे पण बाजूच्या भिंतीला भेगा. वजनासाठी टायरमध्ये पाणी भरलेलं होतं, त्यामुळे व्हॉल्व्हच्या भोकाभोवती रिम खालून गंजून पापुद्रे सुटलेली. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं तर किंग पिन खडखडत होती. स्टिअरिंगला खेळ बऱ्यापैकी. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. डायनामोचं बेरिंग जाम.

इंजिन मोकळं करणं

तिन्ही सिलिंडरचे नोझल (डिझेल फवारणारे भाग) काढले आणि मोबाईलला जोडायचा बारीक वायरीचा कॅमेरा भोकातून आत सोडला. हा कॅमेरा आता इतका स्वस्त झालाय की खेड्यातल्या फिटरनेही तो जवळ ठेवावा. पहिला आणि तिसरा सिलिंडर: काजळी, कोरडेपणा, पण गंज नाही. दुसऱ्यात पिस्टनच्या डोक्यावर तांबूस चिखल आणि लायनरला पिस्टनच्या कडेने गंजाची कडी. पाणी यातच उतरलं होतं.

डिझेलमध्ये इंजिन ऑइल मिसळून तिन्हीत ओतलं आणि मुरू दिलं. रोज संध्याकाळी क्रँकच्या पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून दोन्ही दिशांना थोडा थोडा जोर. एकाच दिशेने नेटाने ओढायचं नाही. मागे-पुढे, मागे-पुढे, केसभर हललं तरी त्या दिवसापुरतं पुरे. एका संध्याकाळी तो हलका टणकारा ऐकू आला आणि पाना हातभर फिरला.

मोकळं झालं म्हणून लगेच चालू करा, असा घरच्यांचा आग्रह होता. मी हेड उतरवलं. गंज लागलेल्या लायनरवर नव्या-जुन्या कुठल्याही रिंगा फिरवल्या तरी त्या घासून जातात, आणि सुटलेला गंजाचा चुरा तेलात उतरून क्रँकच्या बेरिंगमध्ये जातो. हेड काढल्यावर दुसऱ्या लायनरला वरच्या रिंगेच्या पट्ट्यात खड्डे पडलेले दिसले, नखाला लागत होते. पहिल्या-तिसऱ्याला खड्डे नव्हते, पण वरची रिंग जिथे वळते तिथे पायरी तयार झालेली. मालकाचा प्रश्न रास्त होता: एकच लायनर बदलला तर? बसतो, चालतोही. पण तिसरा आणि पहिला आणखी दोन-तीन हंगामांत तेल प्यायला लागले असते आणि तेव्हा हीच मजुरी, हेच गॅस्केट, हीच खोलाखोली पुन्हा. तिन्ही लायनर-पिस्टन एकदम टाकले.

क्रँकच्या बाबतीत मात्र मी उलट भूमिका घेतली. लेथवाल्याचं म्हणणं, इंजिन बांधताय तर क्रँक एक साइझ घासून घ्या, गुळगुळीत होईल. जर्नल, म्हणजे क्रँकचे बेरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, मी मायक्रोमीटरने आडवे-उभे मोजले. गोलाईत फरक नव्हता, ओरखडा नव्हता. बेरिंगच्या कवचांवरून मात्र वरचा थर जाऊन खालचं तांबं दिसायला लागलं होतं. कवचं नवी, क्रँक जुन्याच साइझवर. क्रँक घासायला ठरावीक पायऱ्या असतात, 10 हजारांश इंच म्हणजे सुमारे 0.25 मिलिमीटर, मग 20, मग 30. ज्या पायऱ्या पुढच्या पंचवीस वर्षांसाठी आहेत त्यातली एक विनाकारण का खर्च करायची? दुसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड तेवढा सरळ आहे का हे मुद्दाम तपासून घेतलं.

तापण्याचं कारणही सापडलं. रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि ब्लॉकच्या बाजूची निचऱ्याची तोटी उघडली तर थेंब आला नाही. तोटी पूर्ण काढून भोकात तार घातली तेव्हा पांढरट-तांबडा गाळ बाहेर पडायला लागला. ब्लॉकच्या मागच्या कोपऱ्यात तो गच्च बसला होता. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि ओतीव लोखंडाचा गंज यांचा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तापमानाचा काटा मधे असला तरी मागचा सिलिंडर आतून भाजत असतो. हेड खाली असताना जॅकेट तारेने आणि दाबाच्या पाण्याने धुतलं, रेडिएटरच्या टाक्या उतरवून नळ्यांत रॉड मारून घेतले. आता मालकाला सक्त सांगणं आहे की रेडिएटरमध्ये कूलंट मिसळलेलं शुद्ध पाणीच घालायचं. पावसाचं गाळून साठवलेलं चालेल, बोअरचं नाही.

व्हॉल्व्ह घासून बसवले, दुसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि गाइड बदलली. पंप आणि नोझल सोलापूरला टेस्टिंगवाल्याकडे दिले. हे काम घरी करू नये. नोझलची सुई आणि तिचं घर यांतली फट डोळ्याला दिसत नाही, आणि फवारा बेंचवर बघितल्याशिवाय कळत नाही. डिझेलची टाकी उतरवून आत मूठभर नट टाकून हलवली, धुतली, परत हलवली, स्वच्छ डिझेल बाहेर येईपर्यंत.

मधून फोडणं

क्लच दाबल्यावर सुटत नव्हता. प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती. इंजिन चालू करून, ब्रेक दाबून ती झटक्याने सोडवतात, पण इथे क्रँकचं मागचं सीलही पाझरलेलं होतं, तेव्हा ट्रॅक्टर मधून फोडणं आलंच.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. या ट्रॅक्टरचा पुढचा धुरा मधल्या एका पिनवर झुलता असतो. मागचा भाग सुटला की इंजिनाचं सगळं वजन त्या एका पिनवर येतं आणि ते कुठल्याही बाजूला आडवं पडू शकतं. म्हणून बोल्टला हात लावण्याआधी धुरा आणि वरच्या बैठकीच्या मधे दोन्ही बाजूंना लाकडाचे गुटके ठोकून बसवायचे. मग इंजिनाखाली एक आणि क्लच हौसिंगखाली एक असे पक्के आधार. नुसत्या जॅकवर नाही, विटांवर तर कधीच नाही. विटा दाबाखाली अचानक फुटतात.

क्लच दुहेरी होता: पेडल अर्धं दाबलं की चाकं सुटतात, पूर्ण दाबलं की पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) सुटतो. दोन्ही प्लेट बदलल्या आणि फिंगर एका उंचीत लावून घेतल्या. क्लच आणि ब्रेकच्या जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ हवेच्या नळीने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून काढायची. गॅरेजमधल्या पोरांना हे वारंवार सांगावं लागतं.

मागचं काम सगळ्यात वेळखाऊ निघालं, आणि मला तेच सगळ्यात समाधानाचं वाटलं. पंप काढायचा तर आधी पीटीओचा शाफ्ट मागून ओढून काढायचा, वरचं लिफ्टचं कव्हर उचलायचं, बाजूच्या पिना काढायच्या आणि पंप वरून बाहेर. या पंपाची खासियत म्हणजे त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह तेल ओढण्याच्या बाजूला असतो. पंप फिरतच असतो. तेल आत घ्यायचं की नाही हे व्हॉल्व्ह ठरवतो. त्यामुळे व्हॉल्व्हवर गंजाचा एक कणही अडकला तर लिफ्ट एक तर उचलत नाही, नाहीतर उचलून थांबत नाही. व्हॉल्व्ह गंजाने धरला होता. तो कशानेही ठोकायचा नाही. डिझेलमध्ये ठेवून, हाताने फिरवून फिरवून मोकळा केला. बाहेरचा गंज पृष्ठभागावरचाच होता, आतले पिस्टन तेलामुळे वाचले होते. पंपाची बेरिंगं आणि जाळी बदलली.

वरच्या कव्हरखालचा उचलण्याचा सिलिंडर उघडल्यावर ड्रायव्हर काकांचं निदान हातात आलं. पिस्टनची रिंग झिजलेली आणि सिलिंडरला लांबट ओरखडे. सिलिंडर आणि पिस्टन नवे. पंपातून वरच्या कव्हरकडे तेल नेणारी उभी नळी असते, तिच्या टोकांना रबरी ओ-रिंग असतात; चार-दोन रुपयांची वस्तू, पण ती कडक झाली तर नवीन पंपही अवजार उचलणार नाही. त्या बदलल्या. दोन्ही धुऱ्यांची सीलं, डाव्या ब्रेकची अस्तरं, गिअरच्या दांड्याचं रबर. हौसिंग डिझेलने दोनदा धुऊन तळाचा गाळ हाताने पुसून काढला.

सुटे भाग मिळाले म्हणून हे सगळं जमलं. 1035 हे नाव अजून विक्रीत आहे, त्यामुळे बार्शी-सोलापूरच्या दुकानांत बहुतेक वस्तू असतात. एचएमटीच्या पिंजोरच्या ट्रॅक्टर विभागाला 2016 मध्ये टाळं लावण्याचा निर्णय झाला. तशा ट्रॅक्टरसाठी मी मालकाला आधी भागांची यादी घेऊन बाजार फिरायला सांगितलं असतं आणि मगच पाना उचलला असता.

चालू करणं आणि रानात नेणं

पहिल्यांदा सेल्फ मारला तो डिझेल बंद ठेवून. ऑइलचा काटा हलेपर्यंत इंजिन नुसतं फिरवायचं, म्हणजे नवी बेरिंगं कोरडी चालत नाहीत. मग हवा काढली: आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट. एअर क्लीनरची नळी काढून ठेवली होती आणि एक पोरगा हातात फळी घेऊन तिथेच उभा. नव्या बांधलेल्या डिझेल इंजिनाचा पंप मोकाट सुटला तर चावीने किंवा दोरीने ते थांबत नाही, हवेचं तोंड बंद करावं लागतं. हात लावायचा नाही, फळीच.

तिन्ही सिलिंडर धरले. या इंजिनाचा क्रम 1-2-3, तीन सिलिंडरचा तो ठेका कानाला लगेच ओळखू येतो. थोडा पांढरा धूर आला, गरम झाल्यावर गेला. गरम-थंड झाल्यावर हेड पुन्हा कसलं आणि टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटी) पुन्हा लावले. ब्रीदरवर, म्हणजे इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीवर, हात धरून बघितला, वाफ नाही. मागच्या तेलासाठी मालकाला सांगितलं की थोडे दिवस चालवल्यावर ते काढून टाकायचं आणि नवं भरायचं, कारण कितीही धुतलं तरी कोपऱ्यांत ओल राहते. तसं केलं, आणि काढलेल्या तेलात खरंच किंचित ढगाळपणा होता. दुसऱ्या तेलात तो नव्हता.

लिफ्टची परीक्षा मोगडा लावून घेतली. उचलला, इंजिन बंद केलं, लोअर लिंकच्या (अवजार धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) टोकाखाली जमिनीवर एक काठी उभी करून खूण केली आणि जेवायला बसलो. जेवण होईपर्यंत खूण बोटाच्या पेराएवढीही सरकली नव्हती. चालू इंजिनावर नाचणं पूर्ण बंद. रानात ड्राफ्टवर, म्हणजे ओढीप्रमाणे वर-खाली होण्यावर, लावलं तेव्हा कडक पट्टा आला की मोगडा स्वतःहून थोडा उचलायचा आणि मऊ रानात परत बसायचा. ड्रायव्हर काका बांधावर उभे राहून ते बघत होते; म्हणाले, "नवा आणला तेव्हा असाच चालायचा."

खर्चाचं चित्र मालकाच्या अंदाजाच्या उलटं आलं. त्याने सगळे पैसे इंजिनाला लागतील असं धरलं होतं. प्रत्यक्षात सगळ्यात मोठा आकडा मागच्या दोन टायरांचा. त्यानंतर हायड्रॉलिक, ब्रेक आणि क्लच मिळून मागचं काम. इंजिन त्याच्या खाली. एकूण रक्कम नव्या ट्रॅक्टरच्या पहिल्या भरण्याच्या आसपास राहिली, आणि हप्ता नाही. धाकट्याला शोरूमसारखा रंग आणि सगळी स्टिकर हवी होती. मी पत्र्यालाच प्रायमर मारून लाल रंग दिला, रिमचे गंजलेले पट्टे कापून वेल्डिंग केलं आणि इंजिन-गिअरबॉक्स नुसतं धुऊन ठेवलं. न रंगवलेल्या ओतीव भागावर कुठे तेल पाझरतं ते पहिल्या हंगामात दिसायला हवं. रंगाखाली ते लपतं.

पीटीओच्या शाफ्टवरचं संरक्षक कव्हर हरवलेलं होतं, ते नवीन बसवल्याशिवाय मी ट्रॅक्टर हातात दिला नाही. नूतनीकरणासाठी निरीक्षकाला दाखवताना दिवे, हॉर्न आणि मागचे लाल परावर्तकही लागणार होते, ते वायरिंगबरोबरच उरकले.

राहिलेल्या गोष्टी लिहून दिल्यात. किंग पिनचे बुश बदललेत, पण स्टिअरिंगच्या बॉक्सचा खेळ फक्त कमी केलाय, गेला नाही. उसाची भरलेली ट्रॉली घेऊन हमरस्त्यावर जायचं असेल तर त्याआधी तो बॉक्स उघडायला हवा. पुढचे टायर 6.00-16 चे जुनेच आहेत, ते या रब्बीपुरते चालतील. डायनामोची आर्मेचर दुरुस्त केलीय, ती पुन्हा गेली तर अल्टरनेटर बसवायचा ठरलंय. आणि सायलेन्सरच्या नळीला झाकण लावलंय, धुराने उघडणारं आणि बंद झाल्यावर आपोआप मिटणारं.